सोरटीचं बक्षीस आणि अप्पांचा हात्या

चिंचोक्याची खळ एकदा धरली की कशी धरते, हे ज्याला माहीत नाही त्याला ही गोष्ट खोटी वाटेल. वाटू दे. मी काही कुणाला पटवायला बसलेली नाही.

आम्ही शहापूरचे विणकर. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं, मी सोळा-सतरा वर्षांची होते आणि घरात एकच माग होता. अप्पा विणायचे, आई आणि मी सूत गुंडाळून कांड्या भरायचो. शेजारच्या घरच्याही कांड्या भरून मी चार पैसे गाठीला बांधले आणि सोरटीचं, म्हणजे लॉटरीचं, तिकीट घेतलं. कुठल्याशा संस्थानाने दवाखान्याच्या बांधकामासाठी ती सोरट काढली होती. सगळ्यांचं लक्ष पहिल्या बक्षिसावर. माझं तिसऱ्यावर, कारण ते पायाने चालवायचं शिवणयंत्र होतं. गल्लीतल्या बायकांच्या चोळ्या मी हाताने शिवत असे आणि बोटं सोलवटून घेत असे. यंत्र आलं तर जन्मात कुणापुढे हात पसरावा लागणार नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आई म्हणायची, "येडी हाईस तू. सोरट आपल्यासारख्यास्नी लागतीया व्हय?"

मध्ये खंडेनवमी आली. त्या दिवशी माग पुजायचा आणि घरातलं कमाईचं जे काही असेल ते मागापाशी ठेवायचं, ही आमची रीत. अप्पांनी माझं तिकीट मागून घेतलं. "तुझ्या कमाईचं हाय न्हवं? मग लक्ष्मीम्होरं नको व्हय?" असं म्हणत त्यांनी ते हात्यावर चिकटवून टाकलं. हात्या म्हणजे फणी धरणारी जड लाकडी चौकट. तीच पुढे ओढून विणकर प्रत्येक धागा ठोकून बसवतो. तिच्याशिवाय माग म्हणजे नुसता सांगाडा. आणि चिकटवलं कशानं, तर सुताला लावायच्या खळीनं. अप्पांची खळ अख्ख्या शहापुरात नावाजलेली होती.

दिवाळी झाली. खडेबाजारात सोरटीच्या एजंटाचं दुकान होतं, त्याच्या दारावर नंबर लागले. माझा नंबर मला देवाच्या नावासारखा पाठ होता. तिसऱ्या बक्षिसापुढे तोच होता. मी पुन्हा पुन्हा वाचला, मग दुकानातल्या माणसाकडून वाचून घेतला. तो म्हणाला, "मूळ तिकीट घेऊन या. आठवड्याच्या आत. तिकीट न्हाय तर बक्षीस न्हाय."

घरापर्यंत पळत आले. सांगितलं आणि तिघांनीही एकदमच हात्याकडे पाहिलं.

आईने ओलं फडकं लावलं. खळ ढिम्म हलली नाही, पण कागदाचा कोपरा मात्र भुगा होऊन फडक्याला आला. अप्पांनी तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. खळ माझी हाय. पाण्यानं सुटंल व्हय ती?" अशा वेळीसुद्धा या माणसाला आपल्या खळीचं कौतुक! मला इतका संताप आला की मी भिंतीकडे तोंड करून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर अप्पांनी फणी सोडवून ठेवलेली, मागावर अर्धं विणलेलं लुगडं तसंच ताणलेलं आणि हात्या त्यांच्या खांद्यावर. आई दारात आडवी उभी राहिली.

"मागाचं लाकूड भर बाजारातनं न्हेणार? लोकं काय म्हणतील?"

तिचं चूक नव्हतं. विणकराच्या मागाचं लाकूड रस्त्यावर आलं म्हणजे तो बुडाला, विकायला निघाला, असंच आमच्यात समजतात. आणि अप्पा किती मानी! घरात दाणा नसला तरी माग वाजता ठेवणारे, म्हणजे शेजाऱ्याला कळू नये. पण ते एवढंच म्हणाले, "लोकांचं लोकं बगतील. चल गं."

शहापूर ते खडेबाजार मी खाली मान घालून चालले. ओळखीचा एकही माणूस गप्प बसला नाही. "अप्पा, माग मोडला व्हय?" अप्पा उत्तर द्यायचे, "मोडंल कशाला? पोरीचं बक्षीस आणाय निघालोय." कुणाचा विश्वास बसला नाही. एक म्हातारा विणकर तर मयतीला आल्यासारखा थोडं अंतर आमच्यासोबत चालला. अप्पांनी मात्र मान खाली घातली नाही.

दुकानात संस्थानचा कारकून बसला होता. हात्या पाहून तो आधी हसला, मग वाकून त्याने नंबर ताडून पाहिला. नंबर बरोबर होता.

"तिकीट सोडवून द्या. ते दप्तरी जमा करावं लागतं."

"सुटत न्हाय, सायेब."

"मग तेवढा तुकडा कापून द्या."

"कापला तर हात्या जळणाचा झाला."

"मग अख्खं लाकूड ठेवून जा. वर पाठवतो. कधी परत येईल, येईल की नाही, ते मी सांगू शकत नाही."

तो हात्या आज्याच्या हातचा होता. अर्धं लुगडं मागावर अडकलेलं, व्यापारी दारात येणार, नव्या हात्याला सागवान कुठून आणायचं? मी अप्पांची बाही ओढली. "ऱ्हाऊ द्या अप्पा. नको मला यंत्र. घरला जाऊ या."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हात्या कारकुनापुढे आडवा ठेवला, त्यावरून एकदा तळवा फिरवला आणि म्हणाले, "घ्या जमा करून."

कारकुनाने टाक उचलला. "नाव सांगा तुमचं."

"माझं कशाला? तिकीट हिचं. नाव बी हिचंच ल्ह्या."

तोवर माझं नाव कुणी कचेरीच्या कागदावर लिहिलं नव्हतं. ते शाईत उमटताना मी पाहिलं आणि लाज नावाची चीज त्या दुकानात सोडून मी बाहेर पडले. यंत्र हातगाडीवर चढलं. परत येताना अप्पा गाडीपुढे असे चालले की जणू देवाची पालखीच निघाली असावी.

हात्या परत आला नाही. नवा होईपर्यंत माग कितीतरी दिवस मुका राहिला आणि घर माझ्या यंत्रावर चाललं. मी चोळ्या शिवायची. अप्पा मांडी घालून बटणांची काजं करायचे, दोरे तोडायचे, माझी बोलणीही खायचे. ज्यांनी वाटेत चुकचुक केली होती, तेच आता कापड घेऊन यायचे आणि मुद्दाम विचारायचे, "काय अप्पा, माग बंद? मग करताय तरी काय सध्या?"

अप्पा सुईवरून मान वर करायचे आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "नोकरी लागलीया. लेकीच्या हाताखाली हाय."