मडकं आधी स्वतः पितं

आमच्या घरात तीन रोपं आली. एक सुनेनं मारलं, एक मी मारलं. तिसरं जगलं आणि फुललं. आता येणारा-जाणारा त्याच्याबद्दल विचारतो आणि सून सगळ्यांना माझं कौतुक सांगते, पण सांगताना माझी चूक गाळते. कौतुक मला चालतं, ते माझ्या हक्काचं आहे. पण अर्धं सांगितलेलं मला चालत नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढचं सगळं मातीत झालं. माहेर कुंभाराचं. चाकावर बायकांनी बसायचं नाही अशी पद्धत होती, म्हणून चाक वडिलांचं. माती चाळायची, तुडवायची आणि कच्चं मडकं लाकडी थापीनं ठोकून पातळ करायचं ते माझं काम. माझ्या हाताखालून गेल्याशिवाय एकही माठ भट्टीत जात नसे. त्या माठांतलं पाणी दातांना झोंबायचं. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही, तसं होतंच.

सून खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत जाते. आम्ही राहतो वारज्यात, म्हणजे पार दुसऱ्या टोकाला. तिचा अर्धा दिवस स्कूटरवर जातो. तिला ऑर्किडचा नाद. मागच्या थंडीत तिनं दार्जिलिंगकडून खोक्यातून तीन रोपं मागवली. मुळांना ओलं शेवाळ गुंडाळलेलं, माती कणभर नाही. तिनं मोबाईलवर फुलाचा फोटो दाखवला. पाकळ्यांच्या मधोमध एक पिशवी, चपलेच्या पुढच्या भागासारखी.

"ही तर चप्पल आहे," मी म्हणाले. "देवाला कशी वाहायची?"

"अहो आई, ही वाहायची नाही, बघायची."

"मग बघ."

पहिलं रोप तिनं पांढऱ्या चिनी मातीच्या कुंडीत लावलं. दिसायला छान, दिवाणखान्यातल्या पडद्याला शोभणारी. बुडाला भोक नाही. आत बागेची लाल माती आणि शेणखत. मी म्हटलं, "पाणी जाणार कुठून?" ती म्हणाली, "याला ओलावा आवडतो, व्हिडिओत सांगितलंय." ओलावा आवडणं वेगळं आणि पाण्यात बसणं वेगळं, हे व्हिडिओवाल्यानं सांगितलं नव्हतं. महिन्याभरात पानं बुडातून पिवळी पडली. उपटून बघितलं तर मुळं काळी, बोटात धरली की साल निसटून येई. वास कुजक्या भाजीचा.

मी गप्प बसायला हवं होतं. बसले नाही. "भोक नसलेल्या भांड्यात लोणचं घालतात, झाड नाही," असं बोलले. ती आत निघून गेली.

दुसरं रोप मी माझ्या ताब्यात घेतलं. पोटमाळ्यावर माहेरची एक जुनी कुंडी होती, कच्ची असताना माझ्याच हातची ठोकलेली. सून म्हणाली, "आई, लोक याला प्लॅस्टिकच्या कुंड्या वापरतात." मी तिला असं उडवून लावलं की मुलगाही पेपरातून वर बघायला लागला. कुंभाराच्या मुलीनं प्लॅस्टिक वापरायचं? मातीच्या कुंडीला भोक होतं, हवा खेळणार होती, अजून काय पाहिजे? सुनेनं मागवलेल्या पाईनच्या सालीचे तुकडे आणि लोणारी कोळसा भरला, रोप लावलं, रोज पाणी घातलं.

मार्च लागला. वारज्यातला मार्च. सकाळी घातलेलं पाणी दुपारी नसायचं. पानं मऊ पडली, मग त्यांच्यावर लांब सुरकुत्या आल्या. मी पाणी वाढवलं, तर कुंडीच्या अंगावर टँकरच्या पाण्याची पांढरी खार चढली. एप्रिलमध्ये रोप गेलं. काढायला गेले तर मुळं कुंडीच्या आतल्या भिंतीला चिकटून बसलेली. ओढली तशी तुटली. पाणी शोधत भिंतीपर्यंत गेली होती आणि भिंतीनं सगळं पिऊन टाकलं होतं.

ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. माठातलं पाणी गार होतं ते माठ पाणी पितो आणि बाहेर उडवतो म्हणून. मडकं आधी स्वतः पितं, उरलं तर दुसऱ्याला देतं. लहानपणापासून हातानं केलेली गोष्ट, आणि ताठ्यापायी विसरले. काही ऑर्किडना बुडाशी असते तशी पाणी साठवायला गाठही या रोपाला नसते, नुसती पानं आणि मुळं. दोन दिवस कोरडं पडलं की संपलं.

सुनेनं मला टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "हे तिसरं कोणालातरी देऊन टाकू. ही जात आता त्या दार्जिलिंगवाल्यांकडेही नाही. आपल्याकडे मरण्यापेक्षा दुसऱ्याकडे जगू दे."

मला ते लागलं. मडकी ठोकत वाढलेल्या बाईला एका झाडासाठी भांडं निवडता येत नाही, असा त्याचा अर्थ. मी म्हटलं, "मला आठ दिवस दे."

तिसरं रोप अजून त्याच शेवाळात, एका पेल्यात तग धरून होतं. आधी आतलं भांडं. हॉटेलातून पार्सल येतं त्याचा पारदर्शक डबा घेतला. सळई गॅसवर तापवून बुडाला आणि बाजूला खालच्या अंगाला भोकं पाडली. सून म्हणाली, "केवढासा डबा! मोठा घ्या ना, मुळांना जागा मिळेल."

"बाळाला बापाचा सदरा घालतात का? मुळं भरतील तेवढंच भांडं. उरलेल्या जागेत नुसतं पाणी बसतं."

"आणि प्लॅस्टिक चाललं?"

"चाललं," मी म्हटलं. एवढा एक शब्द बोलायला मला वेळ लागला.

मग भरण. माती अजिबात नाही. सालीचे बारीक तुकडे जास्त, थोडा कोळसा, थोडे ते पांढरे हलके पर्लाईटचे दाणे. घरातल्या नारळाचं सोडण, म्हणजे वरची काथ्याची साल, नखाएवढं कापलं आणि तीन दिवस पाणी बदलत भिजवलं, कारण त्यातही खार असते. शेवाळ मूठभर, वरून. नुसतं शेवाळ आमच्या पावसाळ्यात कुजवतं आणि नुसती साल आमच्या उन्हाळ्यात कोरडी पडते, म्हणून दोन्ही. पाणी पिण्याच्या फिल्टरचं.

राहिली हवा. घरातली हवा कोरडी. त्यासाठी मी स्वारगेटवरून बस बदलून भावाकडे गेले. धाकटा भाऊ अजून चाक चालवतो, आता विजेवर.

"आक्का, उन्हाची कशाला आलीस? फोन करायचा," तो म्हणाला.

"फोनवर मडकं ठोकता येत नाही. एक रुंद तोंडाचं भांडं काढ. बुडाला भोक नको. वर रंग नको, गेरूसुद्धा नको."

"बिनरंगाचं आता कुणी घेत न्हाई."

"मी घेतेय ना? त्याला घाम सुटला पाहिजे."

त्यानं काढलं, मी ठोकलं. हात थरथरतात आता, पण थापी धरली की थांबतात. भाऊ बघत होता. म्हणाला, "अजून पातळ करतीस? फुटंल." फुटलं नाही.

भाजून आल्यावर त्या भांड्यात तळाला वाळू घातली, वाळू भिजवली, मध्ये विटेचा तुकडा ठेवला आणि विटेवर तो डबा. डब्याचं बूड ओल्या वाळूला टेकू द्यायचं नाही. मडकं वाळूतलं पाणी पितं, घाम गाळतं, आणि रोपाभोवती गारवा राहतो. मुळांचं पाणी मुळांनाच. पूर्वेच्या खिडकीत, पडद्याआड ठेवलं.

सुनेनं ओलावा मोजायचं सुईसारखं यंत्र आणलं. मी ते खुपसू दिलं नाही, मुळं दुखावतात. कच्चं मडकं भट्टीत घालायजोगं वाळलं का हे आम्ही गालाला लावून बघायचो. गार लागलं की आत ओल आहे. डबाही तसाच. उचलायचा, गालाला लावायचा. सून हसली. मुलगा म्हणाला, "आईनं झाडाचा लाड चालवलाय." हसू दे.

पावसाळ्यात नवं पान आलं. डब्याच्या भिंतीतून तपकिरी, केसाळ मुळं दिसायला लागली, टोकं पांढरी. या थंडीत पानांच्या मधून दांडा निघाला आणि एका सकाळी ती चप्पल उघडली. हिरवी, वर तपकिरी रेषा, पुसून ठेवल्यासारखी चकाकणारी. दीड महिना टिकली. देवाला वाहिली नाही. देवघराच्या शेजारी ठेवली, त्यानं बघावी.

सुनेनं तिच्या ऑर्किडवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला. फुलापेक्षा भांड्याबद्दल जास्त लोकांनी विचारलं. तिनं लिहिलं, भांडं सासूबाईंचं. भावाकडे आता बिनरंगाची भांडी मागायला लोक येतात आणि तो मला फोन करून विचारतो, किती पातळ ठोकायचं ते. सांगते. थापी मात्र मीच धरणार असं बजावलंय.

काल सकाळी सून निघाली होती, उशीर झालेला, डोक्यावर हेल्मेट. दारापर्यंत गेली आणि परत आली. खिडकीपाशी जाऊन हेल्मेट काढलं, डबा उचलून गालाला लावला. मी स्वयंपाकघरातून बघत होते.

"आई, गार लागतंय."

"मग आज पाणी नको. जा आता, ट्रॅफिक लागेल."