बोकडाचं नाव

गटारीला सूसच्या आम्ही चार बिऱ्हाडांनी ठरवलं, दुकानातलं मटण नको. मुळशीत डोंगरावर चरलेला अख्खा बोकडच आणून वाटे घालायचे.

आम्ही मुळशीला पोचलो तेव्हा बोकडवाला आपल्या दाराशी उकिडवा बसून मिशी कुरवाळत होता. त्यानं एक तांबडा बोकड पुढं आणला. माझी बायको त्याला बिस्कीट भरवत म्हणाली, "खा रे बाळ्या!"

बोकडवाल्यानं दावं मागं ओढलं. "नाव ठिवलं? आता ह्यो न्हाई मिळायचा. नाव ठिवल्यालं कापवत न्हाई, ताई."

"अहो, कापणार आम्ही आहोत!" मी चिडलो.

"आत्ता म्हनताय. घरी न्हेऊन रडत बसाल."

गोठ्यात एक म्हातारा, लठ्ठ बोकड निवांत रवंथ करत होता. "मग तो द्या!"

बोकडवाला लाजला. मिशीवरचा हात खाली आला.

"त्ये बबनराव हायेत."