कॉफीच्या दुधातला ओपल

नीलांबरी क्राउझे या बाईने जन्मात कधी पत्रिका पाहिली नव्हती. सांगलीत दोन स्थळांनी मागितली, तेव्हा "माझी हरवलीय" असं तोंडावर सांगून तिने दोन्ही घालवली. पुढे बॉनला जर्मन शिकायला आली आणि टेलिफोनच्या केबल टाकणाऱ्या क्लाउसशी लग्न करून मोकळी झाली. तिथे मंगळ बघायला कोण बसलंय! विद्यापीठाच्या लायब्ररीत काउंटर सांभाळला, दोन मुलींना मराठीत रागावली, त्यांची जर्मन उत्तरं ऐकून घेतली, आणि आता रिटायर होऊन बाल्कनीत कोथिंबीर लावत होती. बाई खमकी.

क्लाउस मात्र साधा माणूस. उभा जन्म जमिनीखाली केबल टाकण्यात गेला, आणि हौस काय, तर ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातलं ओपलच्या खाणींचं गाव बघायचं. तिथे उन्हापायी लोक घरंसुद्धा जमिनीखाली खोदतात म्हणे. रिटायर झाल्यावर जायचं, म्हणून त्या गावाचा फोटो त्याने फ्रिजवर चिकटवून ठेवला होता. रिटायर झाला त्याच वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी इतक्या लांबच्या विमानप्रवासाला साफ नाही म्हटलं, आणि फोटो खाली उतरला.

फोटो गेला त्याचं नीलांबरीला काही नव्हतं. पण त्याच्याबरोबर क्लाउसचं पुढचं बोलणंच गेलं. नाताळला मुलीकडे जायचं का? "माल झेएन." म्हणजे बघू. ट्यूलिपचे कंद लावायचे का? माल झेएन. खायचा, प्यायचा, फिरून यायचा, पण आजच्या पलीकडचा एक शब्द काढायचा नाही. ऑपरेशनला ती घाबरली नव्हती एवढी या 'बघू'ला घाबरली.

शेवटी २०१५च्या ऑक्टोबरात तिने त्याला विचारायचंच बंद केलं आणि इडार-ओबरश्टाइनची तिकिटं काढली. बॉनहून अर्ध्या दिवसाच्या वाटेवरचं हे रत्नांचं गाव. इथे डोंगरात अकीकाच्या जुन्या खाणी आहेत आणि जगभरचे खडे पैलू पाडायला येतात. दुधाची तहान ताकावर, दुसरं काय!

खाणीत हेल्मेट घालून उतरल्यावर बाकी सगळे भिंतीतले चमकते दगड बघत होते. क्लाउस दिव्यांची वायर कुठून कशी नेलीय ते बघत होता.

"गेनाऊ! अगदी बरोबर! जॉइंट कसा बसवलाय बघ," तो म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला की नीलांबरीने वायरीचं मनापासून कौतुक केलं.

दुपारी गावातलं कड्यात बांधलेलं चर्च बघायला ती एकटीच चढली. एवढ्या पायऱ्या क्लाउसला झेपणाऱ्या नव्हत्या. ती खाली आली तेव्हा स्वारी खिशात हात घालून मिटीमिटी हसत उभी होती. संध्याकाळी जेवताना त्याने अंगठी पुढे केली. काळ्याशार खड्यात हिरव्या-तांबड्या ठिणग्या होत्या.

"ऑस्ट्रेलियाचा ओपल आहे, त्याच वाळवंटातला. आपण गेलो नाही, म्हणून हा आला."

तिने अंगठीचा फोटो सांगलीला बहिणीला, विभावरीला पाठवला. लगेच फोन वाजला.

"अगं, ओपल म्हणजे शुक्राचा खडा! तसाच घालू नकोस. आज गुरुवार ना? रात्रभर कच्च्या दुधात ठेव आणि उद्या शुक्रवारी घाल. नवऱ्याच्या आयुष्याला चांगला."

एरवी नीलांबरीने बहिणीची यथेच्छ टिंगल केली असती. पण 'नवऱ्याच्या आयुष्याला' हे शब्द नेमके वर्मी लागले. आता हॉटेलात कच्चं दूध कुठून आणणार? जेवणघरातल्या टोपलीतून तिने कॉफीच्या दुधाच्या इवल्याशा डब्या मूठभर उचलल्या, दात घासायच्या ग्लासात ओतल्या आणि त्यात अंगठी सोडली. क्लाउसला ताकास तूर लागू दिली नाही.

सकाळी काढून बघते तर ठिणग्या गायब. खड्यावर मळभ आलं होतं. धुतली, पुसली, काही फरक नाही. ही खमकी बाई बाथरूमच्या दारात उभी राहून हमसून हमसून रडायला लागली.

"काय झालं?" क्लाउसने त्याच्या मोडक्या मराठीत विचारलं. मग ग्लास उचलून वास घेतला. "कॉफीचं दूध?"

"तू खूप जगावंस म्हणून ठेवली रे," ती म्हणाली. "मला भीती वाटते, क्लाउस. वर्षभर वाटतेय."

क्लाउसने ग्लास खाली ठेवला. मग त्याला हसू फुटलं, आणि ते इतकं वाढलं की छातीवर हात धरून तो पलंगावर बसला. "दुकानदार म्हणाला होता, पाण्यात ठेवू नका. ओपलचा पातळ थर काळ्या दगडावर चिकटवलेला असतो. मी सांगायलाच विसरलो! पण दुधात ठेवू नका हे त्यालाही सुचलं नसतं."

म्हाताऱ्या दुकानदाराने भिंगातून खडा पाहिला. "हं, आत ओल शिरलीय. थर सोडवून पुन्हा चिकटवावा लागेल. पण उद्यापासून हिवाळ्याची सुट्टी. मार्चमध्ये मिळेल. नाहीतर दुसरी घेऊन जा."

नीलांबरीने क्लाउसकडे पाहिलं. आता येणार ते 'माल झेएन', तिला ठाऊक होतं.

"दुसरी नको, हीच हवी," क्लाउस म्हणाला. "मार्चमध्ये आम्ही येऊ. खाण तेव्हा उघडते ना? मला ती वायरिंग परत बघायचीय."

परतीच्या गाडीत तो खिडकीबाहेर मागे पडणाऱ्या बागा बघत होता. मग एकदम वळून म्हणाला, "नीला, ट्यूलिपचे कंद अजून लावता येतील का गं?"

"येतील की!" ती म्हणाली. रिकाम्या बोटाने डोळे पुसले आणि सांगलीला मेसेज टाकला: "विभाताई, खडा लाभला."