मोळी उतरवायचा ओटा

तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. त्यातलं एक अक्षर तरी कोणाच्या लक्षात असेल, असं मला वाटत नाही. निवृत्त झाल्यावर मात्र मी नऊ ओळी लिहिल्या आणि त्या लोक थांबून थांबून वाचायला लागले, मोबाइलवर फोटो काढायला लागले. त्या नऊ ओळींतली जी गोष्ट सगळ्यांना आवडायची तीच नेमकी खोटी होती. आणि ती मी, इतिहासाच्या मास्तरानं, स्वतःच्या हातानं लिहिली होती. आता बोला.

आमचं गाव औंढ्याच्या पुढं, डोंगरात. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला आलेली माणसं पूर्वी इकडं फिरकायची नाहीत. काहून फिरकतील? निजामाच्या वेळची एक पडकी चौकी, दोन किराणा दुकानं आणि मागं डोंगर, एवढंच गाव. पण जगायचं सगळं त्या डोंगरावर. श्रावणात बेलाची पानं औंढ्याला जायची, दसऱ्याच्या सुमाराला सीताफळं हिंगोलीला, आणि बारा महिने जळण. भजी तळणारे, हॉटेलवाले, लग्नघरं, सगळ्यांच्या चुली आमच्या बायांनी डोक्यावरून आणलेल्या लाकडांवर पेटायच्या. माझी आई त्यांतलीच. मला शाळेत धाडून ती मोळीला जायची, आणि तिच्या जोडीला असायची मावशी.

मावशी रक्ताची नव्हे, शेजारची. आमच्या वस्तीत विहारासमोर तिचं घर. आई गेल्यावर माझ्या घरी उठता-बसता येऊन मला हक्कानं शिव्या देणारं एकच माणूस उरलं, ते ही. मी साठीचा झालो तरी तिच्या लेखी लेकरूच.

मोळीची एक गोष्ट ज्यानं ती वाहिली नाही त्याला कळत नाही. डोक्यावरची मोळी वाटेत खाली टाकता येते, पण एकटीला ती परत उचलता येत नाही. दुसरी बाई हात लावायला हवी. जोडीदारीण पुढं गेली असेल, तर मान मोडो की पाय, गावापर्यंत उभ्यानंच यायचं. मावशी एकदा अशीच एकटी मागं राहिली. सातवा महिना होता. मधल्या वळणावर तिच्या पोटात कळ आली, पण मोळी टाकली तर दिवस वाया जाईल म्हणून ती तशीच चालत राहिली. व्हायचं ते झालं. लेकरू हाती लागलं नाही. मी तेव्हा तिसरीत होतो. आई त्या दिवशी भाकरी न करता बसून राहिली होती, एवढं मला आठवतं.

पुढच्या हिवाळ्यात या दोघींनी त्याच वळणावर ओटा रचायला घेतला. डोंगर चढताना हात मोकळे असतात, तर जाताना प्रत्येकीनं एक धोंडा उचलून न्यायचा, असं ठरलं. मग इतर बायाही नेऊ लागल्या. होळीपर्यंत छातीइतका उंच ओटा उभा राहिला. त्याला टेकून उभं राहायचं, मोळी सरळ त्यावर सरकवायची, घाम पुसायचा, पाणी प्यायचं आणि पुन्हा डोक्यावर घ्यायची. कोणाचा हात नको, कोणाची वाट बघणं नको. त्यानंतर त्या वाटेवर तसं पुन्हा कोणाचं झालं नाही. मावशी त्या लेकराबद्दल कधी बोलली नाही. आईही नाही. ओटा होता, बस्स.

मग घरोघरी गॅस आला, लाकूडतोड बंद झाली, बाया हळदीच्या शेतात मजुरीला गेल्या. वाट ओसाड पडली. आणि आता काही वर्षांत काय हवा फिरली कोण जाणे, त्याच वाटेवर रविवारी नांदेड-परभणीची पोरं पाठीवर पिशव्या लावून चढायला लागली. वरून तळं दिसतं, पावसाळ्यानंतर डोंगर हिरवागार असतो, सूर्य बुडताना छान दिसतो. आम्हाला जन्मभर दिसला नाही, आम्ही खाली बघून चालणारे. पायथ्याला चहाच्या टपऱ्या आल्या, पिठलं-भाकरी मिळायला लागली, अर्ध्या डोंगरापर्यंत सिमेंटचा रस्ता झाला. गावाच्या हातात पैसा खेळायला लागला, त्यात वाईट काय?

रस्ता संपतो तिथंच तो ओटा. तिथं माहितीचा फलक लावायचं ग्रामपंचायतीनं ठरवलं आणि मजकूर लिहायला मास्तरशिवाय दुसरं कोण? मी फुगलो. पेन काढलं. गावाचा इतिहास लिहिला, झाडांची नावं लिहिली, आणि ओट्याशी येऊन अडलो. बायांनी मोळ्या टेकवायला रचलेला ओटा. हे काय फलकावर लिहायचं? लोक नांदेडहून हे वाचायला येतील? दीडशहाणा मी. खाली पडकी चौकी होतीच, तिचा धागा वर ओढला आणि लिहून टाकलं की ही निजामकाळातील शिपायांची टेहळणीची जागा. मला कोणी सांगितलं नव्हतं, कोणी दबाव आणला नव्हता. खरं सांगायचं तर माझी आई मोळ्या वाहायची, हे मला त्या देखण्या फलकावर नको होतं.

फलक लागला. मास्तरनं डोंगरावर लिहिलंय, हे चहावाल्याकडून मावशीच्या कानावर गेलं. ती काठी टेकत घरी आली आणि मला आत्ताच्या आत्ता ने म्हणाली. मोटारसायकलवर एका बाजूनं बसवून मी तिला वर नेलं. 

फलकासमोर उभं राहून ती म्हणाली, वाच. तिला अक्षर येत नाही. आणि मी वाचलं. जे लिहिलं नव्हतं ते वाचलं. की हा ओटा अमुक बाईनं आणि तिच्या जोडीदारणीनं रचला, एकेक धोंडा हातानं वर आणून, कारण तिचं लेकरू या वळणावर गेलं, आणि त्यानंतर कोणत्याच बाईवर ती वेळ आली नाही. इतकं सुंदर मी आयुष्यात काही बोललो नसेन. मावशीनं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, माझं नाव कुठं आहे. मी तिचं बोट धरून ‘टेहळणी’ या शब्दावर ठेवलं. तिनं त्यावरून बोट फिरवलं, लेकराच्या डोक्यावरून फिरवावं तसं. मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी म्हणालो, ऊन लागेल, चल.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिची नात गोरेगावहून आली. बारावीची पोरगी. मावशीनं तिला हौसेनं वर नेलं आणि स्वतःचं नाव बोट ठेवून दाखवलं. पोरीनं तो शब्द मोठ्यानं वाचला.

त्या दुपारी मावशी माझ्या दारात आली. आत ये म्हणालो तर आली नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मला वाटलं शिव्या देईल. देती तर बरं झालं असतं.

“तुला लाज वाटली व्हय आमची?” तिनं विचारलं.

मी खुर्ची उंबऱ्यापाशी आणली. तिनं तिकडं बघितलंही नाही.

“तू वाचलं त्या दिशी मी घरी जाऊन रडले रे. त्या लेकरासाठी पह्यल्यांदा रडले. वाटलं, आता सगळ्यांला ठाव हाय, आता रडाया काही हरकत न्हाई. ते रडणं आता माघारी कसं घेऊ, सांग.”

ती गेली. मी त्याच रात्री अर्ज लिहायला बसलो. माझी चूक, मजकूर बदलावा, खर्च माझा. हेलपाटे घातले, हाता-पाया पडलो, आणि श्रावणात नवा फलक लागला. या वेळी त्या दिवशी बोललेलं सगळं त्यावर होतं, दोघींच्या नावांसकट. मी स्वतः उभा राहून अक्षर न् अक्षर तपासलं.

मग मोटारसायकल घेऊन मावशीच्या दारात गेलो. ती अंगणात गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. सगळं सांगितलं. म्हटलं, चल मावशे, आता खरं लिहिलंय, वाचून दाखवतो.

“बराबर केलं,” ती म्हणाली. शेंगा मोडायचं थांबली नाही. “दिवाळीला नात यील. तिच्याकडून वाचून घीन.”

 मी मोटारसायकल वळवली.