एकीच्या सात पेन्सिली

मी एकदा डोळ्यांबद्दल खोटं बोललो, हे बायकोलाही सांगितलेलं नाही.

आमच्या सीताबर्डीच्या कार्यालयात नव्या स्क्रीन आल्या. निवड माझी, सहीही माझी. आम्हा सगळ्यांचे डोळे नोकरीत मुरलेले, त्यांना काहीच खुपत नसे. एका कारकुनाला मात्र स्क्रीन लुकलुकताना दिसे. तो टोपी भुवयांपर्यंत ओढून टाइप करी आणि दर दहा मिनिटांनी भिंतीकडे तोंड करून बसे.

"नवरदेव रुसले काहून गा?" आम्ही विचारायचो.

"डोकं ठणकून राहिलं, साहेब."

मोठे साहेब तपासणीला आले, तेव्हा त्याने स्क्रीनसमोर पेन्सिल भराभर हलवली. "पाहा साहेब, एकीच्या सात दिसतात. स्क्रीन लुकलुकते म्हणून."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"मले तर एकच दिसते," मी म्हणालो.

कामचुकार ठरवून त्याला तळघरातल्या रेकॉर्डमध्ये पाठवलं. जाताना त्याने पेन्सिल माझ्या टेबलावर ठेवली. "ज्याचे त्याचे डोळे, साहेब," एवढंच म्हणाला.

मलाही सातच दिसल्या होत्या. हे त्याच साहेबांसमोर, त्या कारकुनाच्या देखत सांगणं अजून बाकी आहे.