पानावरचा अंगठा

लोक त्याला कुंडीवालाच म्हणत. ऑफिसांना भाड्याने झाडं द्यायची, फेरी मारून पाणी घालायचं, पानं पुसायची, मरगळलेलं झाड उचलून दुसरं ठेवायचं, हा त्याचा धंदा. थोरली बहीण एका मोठ्या ऑफिसात दाराशीच फोनवर बसायची. तिने मोठ्या बाईंकडे शब्द टाकला, "माझा भाऊ आहे. झाडं बघाल तर बघत राहाल."

आणि नेमकं तिथेच घोडं अडलं. रोपांवरची सावलीची जाळी वाऱ्याने फाटलेली. आज शिवू, उद्या शिवू करत त्याने ती तशीच ठेवलेली. रबराची झाडं उन्हात उघडी पडली आणि पोपटी, फिकट झाली. आजार कसलाच नव्हता. उजेड ओसंडून मिळाला की पान हरितद्रव्य हात राखून करतं. अंधाऱ्या जागी नेलं की मिळेल तेवढा उजेड धरायला तेच पान ते वाढवत नेतं. ताईच्या ऑफिसच्या अंधाऱ्या दालनात झाडं आपसूक गर्द झाली असती. हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पण इतका धीर कुणाला? त्याने तेलात हिरवा रंग कालवला आणि पानन् पान चोळून काढलं.

दालन झळाळलं. ताईने मिरवत एक पान हातात धरलं, "बघा बाई, मी म्हटलं नव्हतं?" आणि हात मागे घेतला तो पाठीमागेच ठेवला. बोटं हिरवी झाली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं. चहा तिने डाव्या हाताने प्यायला.

दाराशी सोडायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "गधड्या, नुसतं बोलला असतास तर मी सांगितलं असतं त्यांना, जरा थांबा म्हणून."

दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं, असं त्याला झालं.

दुसऱ्या दिवशी तो बादली-फडकी घेऊन हजर. सगळ्यांदेखत पानं धुऊ लागला. पाणी हिरवं, पानं पुन्हा पोपटी.

"धूळ फार बसते हो इथं," ताई घाईघाईने म्हणाली.

"धूळ नाही, रंग आहे. मी लावलेला." तो बादलीशीच बोलत होता. "ताईला ठाऊक नव्हतं, बाई. झाडं चांगली आहेत, इथल्या उजेडात होतील हिरवी. नाही झाली तर उचलून नेतो."

"पुढच्या खेपेला फुलंही रंगवून आणा!" मागून कुणीतरी खुसखुसलं. मोठ्या बाई हसल्या नाहीत. "राहू द्या," एवढंच म्हणाल्या.

झाडं शब्दाला जागली. हळूहळू पोपटी रंग गडद होत गेला, आणि नवी पानं तर काळपट हिरवीच फुटली.

तरी मोठ्या बाई जाता-येता एखाद्या पानावर अंगठा घासतात आणि अंगठ्याकडे बघतात. नुसती सवयही असेल. पण अंगठा पानावर टेकला की कुंडीवाला फडकं पिळायला खाली वाकतो, आणि ताईने न वाजलेला फोन उचललेला असतो.