एकच काम होईल

"ते सांगतील," असं म्हणून त्या पदर सारखा करायच्या आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे बघायच्या. पाण्याचं विचारा, खांबावरच्या दिव्याचं विचारा, उत्तर तेच. आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला म्हणून त्या नगरसेविका झाल्या. कारभार नवऱ्याचाच राहिला. दारावरची पाटी बाईची आणि बोलणं पुरुषाचं, अशी जोडपी तुम्हीही पाहिली असतील.

आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो आणि त्यांच्या नवऱ्याला दादा. हर्सूलच्या बाजूची आमची कॉलनी दादांनीच वसवली होती. शेत घेऊन प्लॉट पाडले, विकले, आणि स्वतःचं घरही तिथंच बांधलं. मी त्यांच्या समोर राहायचो. कॉलनीच्या समितीचा सचिवही मीच होतो.

वहिनी मूळच्या पिशोरच्या. महापालिकेच्या पहिल्याच सभेत कुणीतरी त्यांचं मत विचारलं. त्यांनी सवयीनं शेजारी पाहिलं आणि "ते सांगतील" म्हणून मोकळ्या झाल्या. शेजारी दुसऱ्याच एक नगरसेविका बसल्या होत्या. अख्खं सभागृह हसलं. ही गोष्ट आम्हाला त्यांनीच सांगितली, आणि सांगताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्याच हसल्या.

कॉलनीला रस्ता नव्हता. नुसता मुरूम टाकलेला. पावसाळ्यात शाळेची रिक्षा आत यायची नाही, मुलांना कडेवर घेऊन कोपऱ्यापर्यंत जावं लागायचं. प्लॉटांना मंजुरी मिळाली तेव्हा आम्हा प्लॉटवाल्यांच्या पैशातून महापालिकेकडं विकास शुल्क भरलेलं होतं, आणि ते आमच्याच वॉर्डात वापरायचं ठरलं होतं. दादांनी लोकांना प्लॉट दाखवताना सिमेंटचा रस्ताही शब्दांत दाखवला होता. त्यामुळं तो रस्ता होणं ही त्यांच्या इभ्रतीची गोष्ट होती.

पण वॉर्ड म्हणजे काही फक्त आमची कॉलनी नव्हे. ओढ्याच्या पलीकडं गुंठेवारीची, म्हणजे गुंठ्या-गुंठ्यानं विनामंजुरी विकलेल्या जागेवरची वस्ती होती. तिथल्या उघड्या गटारातूनच नळाची पाइपलाइन गेली होती. त्या वर्षी वस्तीत काविळीची साथ आली. वहिनींचे ब्लाउज शिवणारी नजमा तिथंच राहायची. ब्लाउज आणायला गेलेल्या वहिनी ब्लाउज न घेताच परत आल्या. मी फाटकाशी उभा होतो.

"नजमाला घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलंय," त्या म्हणाल्या. "सातवा महिना हाय तिला. डोळे हळदीसारखे झालेत. तिची सासू म्हणती, भाभी, पानी को बू आती. मी हुंगलं, भाऊजी. खरंच वास येतो."

आतून दादांचा आवाज आला, "परवा बैठक आहे. तिथं मी बोलीन. तू नुसती बस."

बैठक वॉर्ड कार्यालयात होती. कॉलनीतले आम्ही पंधरा-वीस जण खुर्च्या अडवून बसलो. वस्तीतल्या बायका दारात उभ्या होत्या. त्यांना कुणी आत या म्हटलं नाही. अभियंत्यांनी सरळच सांगितलं, "या शुल्कातून एकच काम होईल. कॉलनीचा रस्ता, नाहीतर वस्तीची बंद गटार आणि नवी पाइपलाइन. नगरसेविकांनी सांगावं."

दादा उठले. "सांगायचं काय त्यात? पैसा ज्यांनी भरला..."

"मी सांगते," वहिनी म्हणाल्या.

आवाज इतका बारीक होता की दादांना ऐकूच गेला नाही. ते बोलत राहिले. वहिनींनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली आणि पुन्हा म्हणाल्या, "थांबा जरा. मी सांगते. गटार करा. पाइप बदला. रस्ता मागून."

खोलीत एकदम गलका उठला. मागून कुणीतरी ओरडलं, "आमच्या पैशावर दान करता व्हय?" एक खुर्ची आडवी झाली. दादांनी वहिनींचा दंड धरला, "खाली बस." त्या बसल्या नाहीत. चेहरा पांढराफटक पडला होता, पण टेबल सोडलं नाही. अभियंत्यांनी विचारलं, "नक्की ना बाई?"

"नक्की."

दादा जीप घेऊन एकटेच निघून गेले. मी वहिनींना रिक्षात बसवलं. माझ्याही डोक्यात राग होताच. म्हटलं, "वहिनी, पैसा आपल्या लोकांचा होता."

"व्हय," त्या म्हणाल्या. "म्हणून तर सांगता आलं. दुसऱ्याचा असता तर मी कोण सांगणारी?"



काही दिवसांनी नजमा घाटीतून घरी आली. एकटीच आली; बाळ वाचलं नव्हतं. त्यानंतर महिनाभरात वस्तीत खोदकाम सुरू झालं. इकडं कॉलनीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनींकडं चार बायकासुद्धा फिरकल्या नाहीत. दादांचे नवे प्लॉट खपेनात. रस्ता कुठाय, असं गिऱ्हाईक तोंडावर विचारायचं. समोरच्या घरातून त्यांचा चढा आवाज यायचा. वहिनींचा यायचा नाही.

पुढच्या निवडणुकीत वॉर्ड खुला झाला आणि दादा स्वतः उभे राहिले. कॉलनीनं त्यांना पाडलं. वस्तीतली मतं मिळाली, पण तिथल्या निम्म्या लोकांची नावंच यादीत नव्हती. पडल्यावर दादांनी घर विकायला काढलं. वैजापूरला मार्केट यार्डाजवळ त्यांच्या भावाचं खताचं दुकान होतं. तिकडं जायचं ठरलं.

टेम्पो भरला त्या सकाळी मी निरोप द्यायला गेलो. दादा ड्रायव्हरशेजारी बसले होते, तोंड दुसरीकडं करून. वहिनी मागच्या बाजूला दोरीची गाठ ओढून बघत होत्या. काय बोलावं सुचेना, म्हणून मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही केलं ते बरोबरच होतं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, पण मला ते बोलायला फार उशीर झाला होता हे त्यांच्या नजरेत होतं.

"बरोबरचं मला काय ठावं," त्या म्हणाल्या. "पर रस्ता मलाबी लई पाहिजे होता, भाऊजी. माझ्या दारातूनच जाणार होता न्हवं का."

आणि त्या पुढं जाऊन बसल्या. टेम्पो निघाला. मुरमाच्या खड्ड्याखड्ड्यांतून, बांधलेलं कपाट एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला कलत, तो कोपऱ्यापर्यंत गेला आणि वळला.